पेराएवढी कुट्टी

“मग रवीला किती अश्वशक्तीची मोटर बसवायला हवी होती? तेवढं एकच सांगा, बाबाजी.”

 शेणगॅसच्या टाकीच्या कठड्यावर बसून बाबाजी टाकीतलं शेण ढवळायच्या रवीच्या दांड्याला तेल लावत होते.

“साडेसातची होती. मी पंधराची बसवली. वीसची हवी होती का? ...वीसची असती तर अडकली नसती.”

बाबाजींनी तेलाची बाटली बाजूला ठेवली.

“जेवला का?”

“बाबाजी, मी काय विचारतोय...”

“मी बी विचारूनच ऱ्हायलो.”

हा विचारणारा श्रीरंग गावंडे. पूर्णेच्या काठावरच्या आमच्या मठात आठ वर्षं राहून शिकला, याच टाकीत शेण कालवून मोठा झाला, इंजिनिअर झाला. आता तालुक्याजवळच्या मोठ्या गॅस प्रकल्पाचा साहेब आहे. मी शेषराव, इथला आचारी. शिकलेली माणसं गुरूकडे प्रश्न घेऊन येत नाहीत. उत्तर घेऊन येतात आणि त्याखाली सही मागतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून कणीक तशीच टाकून मी दारात येऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

राग यायचं कारण, तो मागच्या फाटकानं आला होता.

पुढच्या फाटकापाशी निंब आहे. निंबाखाली कौतिकाबाई बसते. सकाळपासून दुपारपर्यंत ज्वारीची धांडं ओंडक्यावर ठेवून तोडते. ती कुट्टी शेणात कालवून टाकीत जाते, आणि टाकीच्या गॅसवर माझ्या शेगड्या चालतात. कौतिकाबाईच्या घरी हाच श्रीरंग लहानपणी दर सोमवारी जेवायला जायचा. तिच्या पोराच्या ताटात हात घालून खायचा. आणि आज तिला चुकवून मागून आला.

कारण ते पोर मेलं होतं. पुंजाराम. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी, श्रीरंगच्याच प्रकल्पाच्या टाकीत.

चार महिने झाले. मी अजून शेगडी पेटवली की कान टवकारतो. पुंजाराम इथं होता तेव्हा टाकीवर रवी फिरवायचा आणि तिथून ओरडायचा, “शेषकाका, निळी हाय का?” मी म्हणायचो, “निळी आहे रे बाबा, आता बस कर.” आता कोणी विचारत नाही. आग निळीच असते.

बाबाजींनीच त्याला श्रीरंगकडे पाठवलं होतं. म्हणाले होते, “घेऊन जा याले. रवीचा आवाज याले समजते.”

पुंजाराम गेल्यावर प्रकल्पाकडून एक पत्र आलं. कौतिकाबाईला वाचता येत नाही, म्हणून ते मीच वाचून दाखवलं. लिहिलं होतं, कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, कोणाचीही परवानगी न घेता टाकीत उतरला. खाली श्रीरंगची सही. बाईनं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “मी त्याले लहानपणी सांगतलं होतं न भाऊ, टाकीत उतराचं नाई? सांगतलं होतं न मी?” त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ती तेच विचारते. पोरगं गेल्याचं दुःख एक, आणि आपणच शिकवायला चुकलो हे दुसरं. हे दुसरं मला बघवत नाही.

तिच्या हातातला कोयता पुंजारामचा. मठात ती तो कधी ठेवत नाही. काम आटपलं की पदरात गुंडाळते आणि घरी नेते. मी एकदा म्हणालो, “बाई, इथं कोण चोरतंय तुझा कोयता? भिंतीला खुंटी आहे, अडकव की.” तर असं बघितलं तिनं माझ्याकडे की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

तर अशा दुपारी हा विचारत होता, मोटर किती अश्वशक्तीची हवी होती.

“श्रीरंगा,” बाबाजी म्हणाले, “तुया टाकीत धांडं केवढं जात होतं?”

“दिवसाला चार टन.”

“किती नाई. केवढं?”



बाबाजींनी आपला पंजा पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. “येवढं?”

“...हो. वीतभर.”

“इथं केवढं शिकवलं होतं?”

“पेराएवढं.”

मठाचा हा नियम जुना आहे. टाकीत जाणारं धांडं बोटाच्या एका पेराएवढं तोडायचं. त्याहून मोठं नाही. श्रीरंग कॉलेजात गेल्यावर पहिल्या सुट्टीत येऊन यावर हसला होता, ते मला चांगलं आठवतं. म्हणाला होता, “बाबाजी, हे काय माप झालं? कोणाच्या बोटाचं पेर? तुमच्या की माझ्या?”

बाबाजी तेव्हा म्हणाले होते, “जो रवी फिरवते, त्याच्या.”

आम्ही सगळे हसलो होतो. पुंजाराम सगळ्यांत जास्त हसला होता, कारण रवी तोच फिरवायचा.

“मी हिशोब केला होता, बाबाजी,” श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज चढला. “कुट्टीच्या यंत्राला बारीक जाळी लावली की यंत्र वीज खातं. फार खातं. मोठी जाळी लावली की निम्म्या विजेत दुप्पट माल निघतो. गॅस थोडा उशिरा सुटतो, पण सुटतो. कागदावर सगळं बरोबर होतं. तपासून घेतलं होतं मी.”

“हं.”

“आणि बारीक म्हणजे किती बारीक? उद्या पीठ करा म्हणाल.”

“पीठ नाई,” बाबाजी म्हणाले. “पीठ केलं होतं एक डाव. शेषरावाले विचार.”

मी दारातूनच सांगितलं, “टाकी आंबली होती, गॅसच बंद. आठ दिवस चुलीवर लाकडं घातली मी. डोळे गेले माझे धुरानं.”

श्रीरंगनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली. पोरगं वाळलं होतं, गालफडं बसली होती. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

बाबाजी उठले. टाकीमागे शेणकाला भिजवायची दोन पिपं असतात, ती त्यांनी ओढून जवळ घेतली. दोन्हींत सारखंच शेण, सारखंच पाणी. मग कोपऱ्यातल्या भाऱ्यातून धांडं उपसलं आणि गुडघ्यावर मोडून वीतवीतभर तुकडे एका पिपात टाकले.

“आता दुसऱ्यात येवढीच कुट्टी पायजे. जा, कौतिकामायजवळून पाटीभर घेऊन ये.”

श्रीरंग हलला नाही.

निंब तिथून साठ पावलं असेल. कोयत्याचा आवाज येत होता. खट... खट... खट.

“शेषकाका आणतील,” तो म्हणाला.

“तू आण.”

“...माझ्यानं नाही होत, बाबाजी.”

बाबाजींनी त्याला आग्रह केला नाही. माझ्याकडे बघून मान हलवली. मी पाटी घेऊन गेलो.

कौतिकाबाईनं वर पाहिलं. “कोण आलं, भाऊ?”

खोटं बोलावं असं वाटलं होतं. नाही बोललो. “श्रीरंग आलाय.”

कोयता थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“जेवला का थो?” तिनं विचारलं.

 तिनं पाटी ओढून घेतली, हातानं कुट्टी भरली. मोठा तुकडा दिसला की बाजूला काढून पुन्हा तोडायची, आपल्या बोटाच्या पेराला लावून बघायची, मग टाकायची. पोराच्या सोबत्यासाठी पोळी निवडून वाढावी, तसं.

मी पाटी आणून दुसऱ्या पिपात रिकामी केली. बाबाजींनी श्रीरंगच्या हातात लाकडी वल्हं दिलं.

“ढवळ.”

“हे मला माहीत आहे, बाबाजी. मी यावरच...”

“ढवळ न.”

आधी वीतभर तुकड्यांचं पीप. त्यानं वल्हं खाली घातलं आणि रेटलं. तुकडे एकमेकांत गुंतले, आडवेउभे अडकले, आणि सगळा गोळा वल्ह्याबरोबर फिरायला लागला. खालचं शेण तळाशी तसंच. त्यानं जोर लावला. पीपच गरकन फिरलं. घाम आला त्याला, हिवाळ्याच्या दिवसांत. हात काढला तर वल्हं तिथंच उभं राहिलं, कोणी धरून ठेवल्यासारखं.

मग पेराएवढ्या कुट्टीचं पीप. वल्हं आत गेलं आणि फिरलं. तळातलं वर आलं, वरचं खाली गेलं. बाबाजींनी त्याच्या हातातून वल्हं घेतलं आणि दोन बोटांनी फिरवून दाखवलं.

“धांडं तेवढंच,” बाबाजी म्हणाले. “पाणी तेवढंच. शेण तेवढंच.”



“कोयत्याची मेहनत वाचवली तू. गेली कुठी थे?”

“...ढवळण्यावर.”

“तिथून?”

“मोटरवर. ...म्हणून तर मोठी बसवली मी.”

“अन् मोटर थकल्यावर?”

श्रीरंगनं उभ्या वल्ह्याकडे पाहिलं.

 निंबाखाली खट... खट चाललं होतं.

“पुंजावर,” तो म्हणाला.

आणि खाली बसला. टाकीच्या कडेला, ओल्या शेणात, इस्त्रीच्या पँटसकट. रडला मात्र नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

“त्यानं मला सांगितलं होतं, बाबाजी. महिनाभर सांगत होता. श्रीरंगभाऊ, तुकडे लांब आहेत, रवी रडते. मी म्हणायचो, रवी रडत नसते पुंजा, तिला मोटर असते. ...मग काल्यावर खपली धरली. हातभर जाड. मोटर सारखी बंद पडायला लागली.”

“मंग?”

“पोळ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्यानं फोन केला. रवीची पाती अडकलीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे प्रकल्प बघायला येणार होते. मी त्याला...” त्यानं तोंडावरून हात फिरवला. शेण लागलं गालाला. “मी म्हणालो, कसंही करून सुरू कर. मला उद्या रवी फिरताना दिसली पाहिजे.”

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी हातातली पाटी खाली ठेवली.

“त्यानं टाकी निम्मी उपसली. झाकण उघडलं. कमरेला दोर बांधला आणि पाती मोकळी करायला आकडी घेऊन उतरला. त्याला ठाऊक होतं आत विषारी वायू असतो. तुम्हीच शिकवलं होतं आम्हा दोघांना. तरी उतरला. ...आणि मी त्या पत्रावर सही केली.”

बाबाजींनी डोळे मिटले. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण मी त्यांना इतका म्हातारा कधी पाहिला नव्हता.

“मी धाडलं होतं त्याले तुयापाशी,” ते म्हणाले. एवढंच.

थोड्या वेळानं श्रीरंगनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मला शिक्षा द्या, बाबाजी. काय सांगाल ते करतो. सोडून देतो सगळं. इथं येऊन रवी फिरवतो जन्मभर.”

बाबाजींनी पाय मागे घेतले.

“हे मले कायले सांगतं? मी पुंजाची माय हाय का?”

श्रीरंगनं डोकं वर केलं.

“थे तिथं बसली हाय.”

साठ पावलं. चालायला त्याला किती वेळ लागला ते मी बघत होतो. मध्ये दोनदा थांबला. बाबाजी त्याच्या मागे निघाले, मी बाबाजींच्या मागे. बोलावलं नव्हतं मला, पण गेलो. पत्र मी वाचलं होतं ना.

कौतिकाबाईनं वर पाहिलं आणि पदरानं शेजारची जागा झटकली.

“बस, बापू. किती वाळला रे तू. गालाले काय लागलं?”

आणि श्रीरंग जे बोलायला लागला! उभ्यानंच, एका दमात. माय मी जाळी बदलली, बारीक जाळीला वीज फार लागत होती, म्हणून तुकडे लांब गेले, लांब तुकड्यानं काला घट्ट होतो, पात्यावर जोर येतो, मी साडेसातची मोटर काढून पंधराची बसवली पण खपली एवढी जाड धरली की भार वाढला, पाहुणे येणार होते, वरून सारखे फोन येत होते, ते पत्र माझ्यासमोर तयारच आलं होतं, मला वाटलं होतं...

कौतिकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मले समजत नाई, बापू,” ती हळूच म्हणाली. “तू रागावला का पुंजावर? मी त्याले सांगतलं होतं रे, टाकीत उतराचं नाई...”

 श्रीरंगनं वळून बाबाजींकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसाचे डोळे होते त्याचे.

बाबाजी म्हणाले, “एका डावात टाकू नको. पहिलं पेर तोड.”

 श्रीरंग गुडघ्यांवर बसला, बाईसमोर, कुट्टीच्या ढिगात.

“माय... तुझं काही चुकलं नाही.”

कोयता ओंडक्यावर टेकला.

“पुंजाला माहीत होतं उतरायचं नाही म्हणून. तू सांगितलेलं सगळं त्याला माहीत होतं.”

“मंग?”

“त्यानं मला फोन केला होता. उतरायच्या आधी.”

“तुले?”

“हो.”

“तू काय म्हणलं त्याले?”

 मी मनात म्हणत होतो, बोल रे, आता नको थांबू.

“कसंही करून सुरू कर म्हणालो.”

 कौतिकाबाईनं मांडीवरचं धांडं दोन्ही हातांनी धरलं.

“मंग उतरनच थो,” ती म्हणाली. “तुयं म्हणनं त्यानं कधी मोडलं नाई. लहानपणी बी नाई.”

शिवी दिली असती, कोयता उगारला असता, तरी मला इतकं लागलं नसतं.

“अन् थे पत्र?” तिनं विचारलं.

“खोटं आहे, माय. सही माझी आहे. उद्या मी तिथं जाऊन खरं काय ते लिहून देतो.”

“म्हंजे माया पोरानं येडेपणा केला नाई.”

“नाही.”

“लोकायले सांगशीन?”

“सांगीन. गावात येऊन सांगीन.”

तिनं मान हलवली. एकदा. मग चार महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. आवाज न करता, तोंडात पदर धरून. श्रीरंगनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तिनं तो हात घेतला नाही. झटकलाही नाही. हवेत तसाच राहिला तो.



दुपार उतरली. कौतिकाबाईनं डोळे पुसले. गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्यावरचा भुसा झटकला. श्रीरंगकडे पाहिलं नाही, बाबाजींना हात जोडले आणि पुढच्या फाटकातून घराकडे चालायला लागली. नदीकडचा वारा सुटला होता. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता तिनं, आणि हात रिकामे होते.

ती वळणाआड जाईपर्यंत श्रीरंग बघत राहिला.

“बाबाजी,” त्यानं विचारलं, “माय मला कधी माफ करील का?”

बाबाजी त्याच्याकडे बघत नव्हते. ते ओंडक्याकडे बघत होते. ओंडक्यावर अर्धं तोडलेलं धांडं पडलं होतं.

“पुंजाचा कोयता आज तिनं इथंच ठेवला,” ते म्हणाले. “येवढं मले दिसते.”